अंतराळ मालिकांमधले देव, बाया, पुरुष आणि बाकीचे सगळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला या मालिकांची मराठी सबटायटल्स करायचा नाद आहे. ती मित्रमंडळींत फिरतात आणि मग तेच ते प्रश्न परत येतात. म्हणून एकदाची बसून उत्तरं लिहून काढली आहेत. काही मुद्दे कथानक फोडल्याशिवाय सांगताच येत नाहीत, तेव्हा ज्यांचं अजून पाहून व्हायचंय त्यांनी जपून वाचावं.

यानं, लेझर, लढाया यांच्या गोष्टीत धर्म आणि लैंगिकता कशाला घुसवतात?

घुसवावी लागत नाही, ती यानात आधीच बसलेली असते. काहीशे माणसं वर्षानुवर्षं एका डब्यात राहणार म्हटल्यावर हुकूम कोण सोडणार, कोण कुणाबरोबर राहणार, कुणी मेलं तर शेवटचे शब्द कोण बोलणार, हे सगळं लेखकाला ठरवावंच लागतं. १९६६ सालच्या मूळ 'स्टार ट्रेक'मधला 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग घ्या. सगळ्यांना तो पाणबुडीयुद्धासारख्या लपाछपीसाठी आठवतो. पण तो सुरू होतो एंटरप्राइझ या यानावरच्या छोट्या प्रार्थनागृहात, एका लग्नाने. धोक्याचा भोंगा वाजतो आणि लग्न अर्धवट राहतं. भाग संपतो तोही तिथेच. नवरा मुलगा मेलेला असतो आणि ती मुलगी एकटी उभी असते. या भागात धर्मावर भाषण कुणीच देत नाही, पण या जगात माणसं कुठे लग्न करतात आणि कुठे रडतात ते कळतं.

माझी मोजपट्टी हीच आहे. मालिका तोंडाने काय सांगते ते ऐकावं, पण विश्वास ठेवावा तो तिने मागच्या बाजूला काय गृहीत धरलंय त्यावर. पुढची बरीचशी उत्तरं यातूनच निघाली आहेत.

प्रत्येक नाजूक विषय परग्रहवासीयांच्याच गळ्यात का मारतात?

कारण त्यांचे नातेवाईक वाहिनीला पत्र लिहीत नाहीत. अमेरिकी टीव्ही जाहिरातदारांच्या पैशावर चाले आणि एखाद्या भागातल्या स्टेशनाने प्रक्षेपण नाकारलं की थेट नुकसान व्हायचं. कपाळावर रबर चिकटवलं, नाकावर दोन सुरकुत्या काढल्या, की तोच विषय 'तिकडचा' होतो.

ही युक्ती कधी साधते, कधी फसते. एकाच विषयावरचे दोन भाग शेजारी ठेवून पाहा. 'स्टार ट्रेक'चीच पुढची मालिका 'नेक्स्ट जनरेशन', तिचा 'द आउटकास्ट' १९९२ चा. जनाई नावाच्या प्रजेत स्त्री-पुरुष भेदच नाही आणि कुणी स्वतःला स्त्री किंवा पुरुष मानलं तर तो रोग समजून 'उपचार' करतात. सोरेन ही जनाई स्वतःला स्त्री समजते, यानाचा उपप्रमुख रायकर याच्या प्रेमात पडते, पकडली जाते, आणि शेवटी 'बरी होऊन' त्याला थंडपणे सांगते की मी आजारी होते. हेतू स्वच्छ दिसतो. समलैंगिकांवर लादल्या जाणाऱ्या 'उपचारां'वरच हा भाग आहे. पण जनाईंच्या सगळ्या भूमिका स्त्रियांना दिलेल्या, त्यामुळे पडद्यावर दिसतं काय, तर एक पुरुष एका बाईचं चुंबन घेतोय. रायकर करणाऱ्या जोनाथन फ्रेक्सनेच नंतर म्हटलं की सोरेनच्या भूमिकेत पुरुष हवा होता.

आता १९९५ चा 'रीजॉइन्ड', अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'च्याच मालिकेचा. ट्रिल प्रजेत एक जीव दुसऱ्याच्या पोटात राहतो आणि यजमान मेला की पुढच्या यजमानात जातो. जॅडझिया डॅक्सच्या पोटातला जीव मागच्या एका जन्मात पुरुष होता आणि त्याची तेव्हाची बायको आता लेनारा कान नावाची शास्त्रज्ञ होऊन समोर येते. मागच्या यजमानाचं नातं पुढे चालवायला ट्रिल समाजात सक्त बंदी आहे. मोडलं तर हद्दपारी. आता लक्ष द्या ते इथे: स्थानकावरच्या एकाही माणसाला या दोघी बाया आहेत याचं काहीच वाटत नाही. सगळी चर्चा त्या बंदीची. एकही पात्र त्या गोष्टीवर भुवई उंचावत नाही, आणि ती न उंचावलेली भुवई 'द आउटकास्ट'च्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त बोलते.

'स्टार ट्रेक' नास्तिक आहे ना?

जनक जीन रॉडनबेरी संघटित धर्माच्या विरोधात होते आणि ते मालिकेत जागोजागी दिसतं. १९६७ च्या एका भागात ग्रीकांचा अपोलो सापडतो, तो निघतो शक्तिशाली परग्रहवासी, आणि माणसं त्याला सांगतात की आम्ही आता तुझी पूजा करण्याच्या पलीकडे गेलोय. पण त्याच भागात कॅप्टन कर्क असंही बोलून जातो की आम्हाला एकच देव पुरतो. म्हणजे साठच्या दशकातली वाहिनी आणि लेखक यांच्यातली तडजोड एका वाक्यात. १९८९ च्या 'हू वॉचेस द वॉचर्स'मध्ये मात्र तडजोड नाही. एक आदिम समाज चुकून 'नेक्स्ट जनरेशन'चा कॅप्टन पिकार्ड याला देव समजू लागतो आणि अंधश्रद्धेच्या अंधारात त्यांना परत ढकलायला पिकार्ड साफ नकार देतो. भाग उत्तम, पण एका गोष्टीवर माझं आजही अडतं: श्रद्धा म्हणजे केवळ अज्ञान, यापलीकडे तो जातच नाही.

गंमत म्हणजे, याच 'नास्तिक' मालिकेचं सगळ्यांत प्रसिद्ध चिन्ह सिनेगॉगमधून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून आलंय. स्पॉक या पात्राच्या व्हल्कन प्रजेचा दोन-दोन बोटं जोडून केलेला नमस्कार १९६७ च्या 'अमॉक टाइम'मध्ये पहिल्यांदा दिसला. स्पॉक करणारे लिओनार्ड निमॉय लहानपणी बॉस्टनमध्ये वडिलांबरोबर प्रार्थनेला गेले होते. पुरोहित आशीर्वाद देत असताना वर बघायचं नसतं, पण पोरगं चोरून बघतंच. त्यांनी हातांची ती ठेवण पाहिली, घरी जाऊन बोटांना सवय लावली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी दिग्दर्शकाला सुचवली. मालिका विकताना वाहिनीने काढलेल्या माहितीपुस्तिकेत मात्र स्पॉकचे टोकदार कान आणि भुवया रंगवून सौम्य केल्या होत्या. भीती ही की लोकांना सैतान आठवेल.

मग श्रद्धेला गांभीर्याने कुणी घेतलं?

दोन मालिकांनी, जवळपास एकाच वेळी: 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) आणि 'बॅबिलॉन ५' (मुख्य मालिका १९९४ ते १९९८).

'डीप स्पेस नाइन'ची मांडणी साधी आणि धारदार आहे. अंतराळातल्या एका बोगद्यात काळाच्या बाहेर राहणारे जीव आहेत. स्टारफ्लीट, म्हणजे माणसांचं अंतराळदल, त्यांना 'बोगद्यातले परग्रहवासी' म्हणते, जवळच्या बजोर ग्रहाचे लोक त्यांनाच 'प्रेषित' म्हणतात. दोघंही खरं बोलतात. बेंजामिन सिस्को नोकरीवर येतो आणि बजोरच्या लोकांच्या लेखी देवदूत ठरतो. ते त्याला अवघडल्यासारखं होतं आणि पुढची काही वर्षं होतच राहतं. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात तर शाळेत बोगद्याबद्दल काय शिकवायचं यावरून भांडण पेटतं, आणि शाळेत स्फोट होतो. त्यातली धर्मगुरू विन पुढे सर्वोच्च पदावर पोचते. तिला नुसती खलनायिका म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण तिची खरी जखम वेगळी आहे. आयुष्यभर ज्यांची पूजा केली ते प्रेषित तिच्याशी कधीच बोलत नाहीत आणि एका परक्या, अर्धवट विश्वास असलेल्या माणसाशी मात्र बोलतात. लुईस फ्लेचरच्या अभिनयात ती जळजळ दिसते.

याच मालिकेतला १९९६ चा 'अॅक्सेशन' हा भाग माझ्याकडून सगळ्यांना जबरदस्तीने दाखवला जातो. दोनशे वर्षांपूर्वीचा एक कवी बोगद्यातून परत येतो आणि म्हणतो, खरा देवदूत मी. आल्याआल्या तो जुनी जातव्यवस्था पुन्हा आणायला निघतो, ज्यात जन्मावरून धंदा ठरतो. स्थानकावरची बजोरची अधिकारी कीरा, जिने आयुष्य बंदूक हातात घेऊन काढलं, ती कलावंतांच्या घराण्यातली निघते. मग ती मुकाट्याने मातीचा पक्षी करायला बसते आणि तो काही केल्या पक्ष्यासारखा दिसत नाही. इथपर्यंत हसायला येतं. मग एक धर्मगुरू दुसऱ्याला वरून ढकलून मारतो, का तर तो प्रेतं हाताळणाऱ्यांच्या जातीतला आणि तरी पद सोडायला तयार नाही. आपल्या वाचकाला याच्यावर टीप द्यायची गरज नसावी.

'बॅबिलॉन ५'चा कर्ता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की स्वतः नास्तिक, आणि श्रद्धावान पात्रं त्याच्याइतकी आपुलकीने क्वचितच कुणी लिहिली. 'द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स' (१९९४) मध्ये स्थानकावर प्रत्येक प्रजेने आपल्या मुख्य श्रद्धेचं दर्शन घडवायचं असतं. सेंटॉरी टेबलावर चढून पितात, मिनबारी गंभीर विधी करतात. पृथ्वीची पाळी आली की कमांडर सिंक्लेअर सगळ्यांना एका लांब ओळीसमोर नेतो आणि एकेकाची ओळख करून देतो. पहिला नास्तिक, मग कॅथलिक, झेन बौद्ध, मुस्लिम, ज्यू... ओळ संपत नाही, कॅमेरा मागे जात राहतो आणि भाग तिथेच संपतो. 'मुख्य श्रद्धा' कोणती, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ती रांग.

त्याच सीझनमधला 'बिलीव्हर्स' मात्र पोटात गोळा आणतो. मुलाला साधी शस्त्रक्रिया केली तर वाचेल. आईवडिलांचा धर्म म्हणतो, शरीर चिरलं की आत्मा निघून जातो. डॉक्टर फ्रँकलिन आज्ञा धुडकावून शस्त्रक्रिया करतो, मुलगा ठणठणीत होतो. आईवडील त्याला प्रवासाचा झगा घालून घेऊन जातात. तो झगा कोणत्या प्रवासाचा हे डॉक्टरला उशिरा कळतं. भाग कुणाचीच बाजू घेत नाही. आईबाप राक्षस नाहीत, डॉक्टर मूर्ख नाही, आणि मुलगा मेलेला आहे.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या सुरुवातीला खरंच गायत्री मंत्र आहे?

हो. रिचर्ड गिब्जच्या शीर्षकसंगीतात तेच शब्द आहेत, उच्चार जरा परके. कथेत त्याचा उल्लेख कुठेच नाही. तो वातावरणासाठी वापरलाय, आणि कुणाला ते आवडतं, कुणाला खटकतं.

या मालिकेचा धर्म मात्र नुसत्या वातावरणापुरता नाही. १९७८ ची मूळ मालिका ग्लेन लार्सनची. तो मॉर्मन (अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा) होता आणि बारांची परिषद, कोबोल हा आदिग्रह वगैरे गोष्टी त्याच परंपरेतून आल्या. २००३ नंतरच्या रोनाल्ड मूरच्या आवृत्तीने त्याच्यावर उलटी कलमं केली: माणसं झ्यूस, अथीना, अपोलो असे अनेक देव मानतात, आणि त्यांचा संहार करायला निघालेली यंत्रं एकच प्रेमळ देव मानतात. पाश्चात्त्य प्रेक्षकाला सहसा आपलंसं वाटणारं 'देव एकच आहे' हे वाक्य शत्रूच्या तोंडी घातलं. हे डोकं चालवल्याचं लक्षण आहे. २००९ चा शेवट दैवी हाताकडे बोट दाखवतो, त्यावर प्रेक्षक आजही भांडतात. मी वाद घालणाऱ्यांत नाही, कारण पहिल्या सीझनपासून ती मालिका हेच सांगत होती.

'स्टारगेट'मध्ये तर सगळेच देव ठग आहेत?

जवळपास. रा, अपोफिस वगैरे इजिप्तच्या पुराणातली मंडळी म्हणजे माणसाच्या शरीरात घुसलेले सापासारखे परजीवी, जे तंत्रज्ञानाच्या जोरावर देवपण मिरवतात. निर्ऋतीसुद्धा आहे, नाव थेट आपल्याकडचं, आणि ती माणसांवर जनुकीय प्रयोग करते. मजेदार साचा, पण एक सोय पाहून ठेवा: ज्या देवांचे उपासक आज चिडून पत्र लिहिणार नाहीत त्यांनाच मुख्यतः ठग केलंय.

धर्माची नुसती थट्टा कुणी केली?

'रेड ड्वार्फ' (१९८८). तीस लाख वर्षांनंतर एका मांजरीच्या वंशजांनी लिस्टर नावाच्या गबाळ्या माणसाला देव मानलंय, आणि पवित्र टोप्या लाल की निळ्या यावरून धर्मयुद्धात एकमेकांना संपवलंय. लिस्टरची तक्रार एवढीच, की टोप्या हिरव्या असायला हव्या होत्या.

स्त्रियांना कॅप्टनची खुर्ची मिळायला इतका वेळ का लागला?

१९६५ मध्ये नाकारल्या गेलेल्या पहिल्या 'स्टार ट्रेक' पायलटमध्ये (म्हणजे नमुन्याच्या भागात) यानाची उपप्रमुख बाई होती, पँट घातलेली, थंड डोक्याची. भूमिका मॅजेल बॅरेटची. दुसऱ्या पायलटमध्ये ती गायब. रॉडनबेरी पुढे सांगत की वाहिनीला अधिकारावरची बाई नको होती. त्यांच्या काही सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळं: वाहिनीचा आक्षेप बाईला नव्हता, निर्मात्याने आपल्या मैत्रिणीला भूमिका दिली याला होता. दोन्ही थोडंथोडं खरं असावं.

मग आले मिनीस्कर्ट. आज ते पाहून कपाळाला हात लागतो, पण निशेल निकोल्सने सांगितलंय की त्या काळात तो पोशाख तिला मोकळेपणाचा वाटे. तिची उहुरा ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात बसून काम करणारी कृष्णवर्णीय अधिकारी. पहिल्या सीझननंतर ती मालिका सोडायला निघाली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंगने भेटून अडवलं, हा किस्सा तिने स्वतः पुष्कळदा सांगितला. आणि तीच मालिका १९६९ मध्ये संपली कुठे? 'टर्नअबाउट इंट्रूडर'वर, जिथे एक बाई तक्रार करते की तुमच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही, आणि त्या भागात ती तक्रार करणारी बाई वेडी ठरते. पडद्यावर उहुरा आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे, एकाच वेळी.

कॅप्टन म्हणून मुख्य भूमिका मिळाली ती १९९५ मध्ये, 'व्हॉयेजर'च्या जेनवेला. केट मलग्रूने ती इतक्या सहजपणे पेलली की दोन-चार भागांनंतर तो विषयच उरत नाही. त्याच्या उलट 'स्टारगेट'चा १९९७ चा पहिला भाग: सॅम कार्टर खोलीत येते आणि माझी जननेंद्रियं बाहेर नसून आत आहेत म्हणून मी काही कमी नाही, अशा अर्थाचं भाषण ठोकते. ते संवाद सगळ्यांनाच इतके नकोसे झाले की २००९ च्या नव्या संकलनात काढून टाकले. कार्टर उत्तम शास्त्रज्ञ आहे हे दाखवायला पुढे मालिकेला एकदाही शरीरशास्त्राची गरज पडली नाही.

'बॅटलस्टार'ने स्टारबक या सिगार ओढणाऱ्या, जुगारी वैमानिकाची भूमिका केटी सॅकहॉफला दिली, तेव्हा मूळ स्टारबक डर्क बेनेडिक्टने रागावून लांबलचक लेख लिहिला. त्या मालिकेत न्हाणीघरं सामाईक आहेत, मुष्टियुद्ध सामाईक आहे, आणि वरिष्ठ बाईलाही 'सर'च म्हणतात. पण ती आंधळी नाही. २००६ च्या एका भागात राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिन, जी आयुष्यभर स्त्रीच्या निवडीच्या बाजूने बोलली, ती गर्भपातावर बंदी आणते. पन्नास हजारांच्याही आत उरलेली मानवजात वाढवायची आहे म्हणून. समता न्हाणीघरात टिकली, लोकसंख्येच्या तक्त्यापुढे डगमगली.

पडद्यामागे पाहायचं तर 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेकडे जा. १९६३ मध्ये तिची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक लखनौत जन्मलेला वारिस हुसेन. त्या मालिकेतल्या, मरताना नवं शरीर घेणाऱ्या डॉक्टरला बाई व्हायला मात्र जोडी व्हिटेकर येईपर्यंत, म्हणजे २०१७ उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात तो बारा-तेरा चेहरे बदलून बसला होता.

समलैंगिक पात्रं इतकी उशिरा का आली?

आश्वासन लवकर मिळालं होतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉडनबेरीने नव्या मालिकेत समलैंगिक माणसं दिसतील असं म्हटलं होतं. लेखक डेव्हिड जेरॉल्डने 'ब्लड अँड फायर' ही कथा लिहिलीही. त्यात एड्सच्या भीतीचं रूपक आणि एकत्र असलेले दोन पुरुष. ती बाजूला पडली आणि तो मालिकेतून बाहेर पडला. हाच जेरॉल्ड पुढे वर सांगितलेल्या 'बिलीव्हर्स'चा लेखक.

'बॅबिलॉन ५'मध्ये इव्हानोवा आणि टालिया या दोन बायकांचं नातं अर्ध्या इशाऱ्यात आहे: रात्री टालिया पलंगावर शेजारी हात फिरवते आणि ती जागा रिकामी असते. पुढच्या वर्षी इव्हानोवा एका वाक्यात कबुली देते, संपलं. पण माझं आवडतं दृश्य १९९७ चं आहे. फ्रँकलिन आणि मार्कस खोट्या कागदांवर मंगळावर जातात. कागदांवर ते नवविवाहित जोडपं आहेत. दोन पुरुष. तपासणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. त्या एका मिनिटात भविष्य जेवढं कळतं तेवढं आख्ख्या विशेष भागात कळत नाही.

२००५ मध्ये 'डॉक्टर हू'त जॅक हार्कनेस आला, जो कुणाशीही, अगदी कुणाशीही लाडीगोडी करतो. 'बॅटलस्टार'ने गेटा या पुरुष अधिकाऱ्याचं एका पुरुषावरचं प्रेम मुख्य मालिकेत न दाखवता फक्त वेबवरच्या छोट्या भागांत दाखवलं, आणि मग त्याला गोळी घातली. तेवढं धैर्य त्या मालिकेकडे इतर विषयांत होतं, इथे कमी पडलं.

'स्टार ट्रेक'च्या टीव्ही मालिकेत मुख्य पात्रांमध्ये उघड समलैंगिक जोडपं यायला २०१७ उजाडलं: 'डिस्कव्हरी'मधले स्टॅमेट्स आणि कल्बर. त्यांना पहिल्यांदा घरगुती दाखवलं तेव्हा ते काय करतात? शेजारी उभं राहून दात घासतात. काही महिन्यांतच कल्बरची मान मोडली गेली. पडद्यावरच्या समलैंगिकांना मारून टाकायची जुनी खोड आहे, त्यामुळे प्रेक्षक खवळले. निर्मात्यांनी लगेच सांगितलं की गोष्ट संपलेली नाही, आणि पुढच्या सीझनला तो परत आला.

तोवर प्रेक्षक गप्प बसले होते?

छे. १९७४ मध्ये 'ग्रुप' नावाच्या चाहत्यांच्या नियतकालिकात डायन मर्चंटने नावं न घेता दोन पुरुषांची प्रेमकथा छापली. ते कर्क आणि स्पॉक आहेत हे सगळ्यांना कळलं. दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारायची पद्धत पडली आणि त्या रेघेवरून आख्ख्या लेखनप्रकाराला 'स्लॅश' नाव मिळालं. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच.

सबटायटल करताना 'तो', 'ती', 'ते' यांचं काय करता?

मुकाट्याने घाम गाळायचा. इंग्रजीत सोरेन अर्धा भाग बोलते तरी तिचं मन काय सांगतंय ते कळत नाही. मराठीत पहिल्याच 'मी येतो' किंवा 'मी येते'ला गुपित फुटतं. क्रियापदच चुगली करतं. सुटका अशी: 'मला वाटतं', 'मला भीती वाटते' असं बोलायला लावायचं, किंवा सकर्मक भूतकाळात टाकायचं. 'मी यान दुरुस्त केलं' यात बाई की बुवा ते कळत नाही, क्रियापद यानाच्या मागे जातं. समोरच्याला 'तुम्ही आलात' म्हटलं की तेही झाकलं जातं. सोरेन रायकरला सांगते की आमच्या सर्वनामाला तुमच्या भाषेत प्रतिशब्द नाही. तिथे मराठी सबटायटल करणाऱ्याला तिला मिठी माराविशी वाटते.

'डिस्कव्हरी'त अडिरा २०२० मध्ये स्टॅमेट्सला सांगते की मला 'ती' म्हणू नका. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे म्हणून आनंद होतो आणि लगेच विरतो. 'ते आलं' म्हणजे मूल किंवा कुत्र्याचं पिल्लू. 'ते आले' म्हणजे आदरार्थी पुरुष. मी शेवटी 'अडिरा' हे नावच पुन्हा पुन्हा वापरलं. वरच्या वाक्यात मात्र 'सांगते' लिहून बसायची चूक झालीच, बघा. मुद्दाम तशीच ठेवली आहे. आणि हो, इथवर वाचून मी बाई की बुवा हे तुम्हाला कळलं नसेल तर ती याच सकर्मक भूतकाळाची कृपा.

ट्रान्स आणि आंतरलिंगी विषयांवर चांगलं काय आहे?

'द ऑर्व्हिल'. मोक्लन ही म्हणायला फक्त पुरुषांची प्रजा. बॉर्टस आणि क्लायडन यांच्या घरी २०१७ च्या तिसऱ्या भागात मुलगी जन्मते. प्रथेप्रमाणे शस्त्रक्रिया करून तिला मुलगा करायचं. लाल नाकाच्या रेनडियरचं ख्रिसमसचं कार्टून पाहून बॉर्टसचं मन बदलतं, मामला न्यायालयात जातो, तिथे प्रजेचा सर्वांत थोर लेखक स्वतः बाई आहे हे उघड होतं, आणि तरीही बॉर्टस हरतो. शस्त्रक्रिया होते. विनोदी मालिकेने सोपा शेवट टाळला हे तेव्हा अनेकांना आवडलं नाही. पण त्यामुळेच २०२२ चा 'अ टेल ऑफ टू टोपाज' उभा राहिला: वाढलेली टोपा आपल्यात काहीतरी चुकतंय म्हणते आणि आईबापांपैकी कुणी खरं सांगायचं यावरून घर फुटतं. क्लायडनही जन्मतः मुलगी होता हे ठाऊक असल्यामुळे त्याचा संताप समजतो, पटत नाही.

आणि एक न झालेली गोष्ट: 'बॅबिलॉन ५'ची डेलेन मूळ बेतात पुरुष होती, पुढे रूपांतर होऊन स्त्री होणार होती. भूमिका मीरा फुर्लानची, आवाज यंत्राने बदलायचा. तो आवाज जमेना म्हणून बेत सोडला.

कुटुंब या कल्पनेवर कुणी काम केलंय?

'द एक्स्पान्स' (२०१५ ते २०२२). नायक होल्डनला आठ पालक आहेत. कारण रोमँटिक नाही, जमीन वाचवायची होती. ड्रमर पाचव्या सीझनमध्ये अनेक जोडीदारांच्या कुटुंबात राहते, आणि तिथली भांडणं कर्तव्याची आणि पैशाची असतात, मत्सराची नसतात. मेथडिस्ट पाद्री अॅना आपल्या बायको-मुलीला पृथ्वीकडे सोडून मोहिमेवर येते आणि पूर्णवेळ श्रद्धावान, पूर्णवेळ समलैंगिक असते. कुणी तिला या दोन्हींचा मेळ कसा घालतेस असं विचारत नाही. मॉर्मन लोक टाऊ सेटीकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रवासाला निघण्यासाठी 'नॉवू' हे प्रचंड यान बांधत असतात आणि ते त्यांच्याकडून हिसकावलं जातं. मालिका त्यांच्यावर हसत नाही. त्यांची चिडचिड योग्यच वाटते.

मुलांबरोबर पाहता येतील का?

जुनी 'स्टार ट्रेक', 'नेक्स्ट जनरेशन' आणि 'डॉक्टर हू' बहुतेक चालतील. 'बॅटलस्टार' आणि 'द एक्स्पान्स' मोठ्यांसाठी. 'बिलीव्हर्स' मुलं नसताना पाहा, आणि झोपायच्या आधी नको.

सुरुवात कुठून करू?

'रीजॉइन्ड' आणि 'द आउटकास्ट' एकाच संध्याकाळी, 'द आउटकास्ट' आधी. दुसऱ्या दिवशी 'अॅक्सेशन'. कीराचा तो पक्षी नीट बघून ठेवा.